तळ ताजा, काठ जुना

पहाटे साडेचारला कोपरखैरण्यातून गाडी काढलीत की कल्याण आणि मुरबाड उजाडायच्या आत मागे पडतात. वैशाखऱ्याला उजव्या हाताला आभाळात घुसलेला नानाचा अंगठा दिसतो. त्याच्याकडे एकदा नीट बघून ठेवा, पुढे काम पडणार आहे. मे महिन्यात माळशेज घाटात थांबण्यासारखं काही नसतं, तुम्हीही थांबू नका. आळेफाट्याला चहा घ्या आणि पारनेर तालुक्याच्या दिशेनं पूर्वेकडे निघा. निघोज गाव लागतं. गावातलं मालगंगेचं देऊळ मागे टाकून तीनेक किलोमीटर गेलात की कुंड.

इथे पहिल्यांदा येणारा माणूस आधी नदी शोधतो. रस्ता सपाट माळावरून येतो. कुंडावरचं मालगंगेचं देऊळ दिसतं, नारळाची दुकानं दिसतात, उसाच्या चरकाची घुंगरं ऐकू येतात. कुकडी मात्र कुठेच नाही. देवळापलीकडे थोडं चालत गेलात की पायाखालची जमीन एकदम संपते. खाली, कातळाच्या पोटात, हिरवं पाणी उभं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती भोकं. गोल, लांबट, वाकडी, एकात एक घुसलेली. काही पुरुषभर खोल, काहींचा तळच दिसत नाही. दोन रांजणांमधली भिंत झिजून कुठे खिडकी पडली आहे, कुठे भिंत पुरती कोसळून दोघांचा एक झाला आहे. मधे उरलेल्या कातळाच्या पात्यांवरून पोरं बिनधास्त उड्या मारतात आणि त्यांच्या आया वरून ओरडत राहतात. भूगोलाच्या पुस्तकात याला रांजणखळगे म्हणतात. गावात विचाराल तर नुसतं ‘कुंड’.

झुलत्या पुलावरून पलीकडे गेलात की जिल्हा बदलतो. निघोज नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात. समोरचं टाकळी हाजी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात. देवी एकच आहे, देवळं मात्र दोन्ही काठांना. चैत्र वद्य अष्टमीला निघोजला यात्रा भरते. त्या दिवशी बारवेतून घागर आपोआप वर येते, अशी श्रद्धा आहे आणि ती बघायला माणूस मावत नाही. तुम्ही यात्रेनंतर आला आहात, म्हणून उभं राहायला जागा आहे. ‘आशियात सर्वांत मोठं’ वगैरे विशेषणं कानावर येतील, त्यांच्या खरेखोटेपणात वेळ घालवू नका. कातळावर ऑइलपेंटनं लिहिलेली नावं आणि बदामही वाचू नका. एखादं कोरडं, छातीइतकंच खोल, सहज बाहेर येता येईल असं कुंड निवडा आणि आत उतरा.

आत गारवा आहे. भिंतीवरून हात फिरवा. भिंत सरळ नाही, तिला तिरक्या गोलाकार पन्हळी आहेत, वरून खाली उतरत जाणाऱ्या. तळाशी थोडी वाळू, एक शाम्पूची पुडी आणि चार-पाच गोटे. दोन काळे बेसॉल्टचे, एक पांढुरकी गारगोटी. सगळे गुळगुळीत. त्यातला एक उचलून मुठीत धरा, कारण हा खड्डा यानंच केला आहे.

आता एक उफराटी गोष्ट लक्षात घ्या. पुरातत्त्ववाले खणतात तेव्हा खाली जावं तसं जुनं सापडतं. कुंडात ते उलटं चालतं. काठ सर्वांत आधी कोरला गेला, तळ सर्वांत शेवटी. तुमच्या चपलेखालचा कातळ दगड म्हणून अतिप्राचीन आहे, पण तो उघडा पडला तो अगदी अलीकडच्या एखाद्या पुरात. म्हणून मागे जायचं असेल तर इथे वर यावं लागतं. वर्षं मागे सरकतील तसा झिजलेला दगड परत जागेवर येईल, तळ भरत जाईल आणि तुम्हाला उचलत नेईल. तुम्ही फक्त गोटा सोडू नका.

पहिला हेलकावा छोटा आहे. साल १९६० धरा, महिना श्रावण. तळ नखभरही वर आला नसेल, पण तुम्हाला तिथे उभं राहता येणार नाही, कारण नदी आली आहे. वरच्या अंगाला एकही धरण नाही. जुन्नरच्या डोंगरांत चार दिवस कोसळलेला पाऊस गढूळ होऊन एकगठ्ठा येतो आहे. माळावर पसरलेलं रुंद पाणी या अरुंद घळीत कोंबलं जातं आणि त्याचा वेग वाढतो. कातळाच्या प्रत्येक खाचेशी पाणी अडखळतं आणि अडखळलं की गोल फिरतं. भोवरा. त्या भोवऱ्यात एखादा गोटा सापडला की त्याला बाहेर पडता येत नाही. तो कडेकडेनं फिरतो, तळाला घासतो, वर उचलला जातो, पुन्हा आदळतो. त्याच्याबरोबर वाळू फिरते. नुसत्या पाण्यानं हा कातळ इतका कोरला गेला नसता. पाणी जोर पुरवतं, कापायचं काम गोट्याचं आणि वाळूचं. कापता कापता गोटाही झिजतो, लहान होतो आणि एक दिवस वाळू होऊन निघून जातो. मग पुढच्या पुरात दुसरा येतो. कान कातळाला लावता आला असता तर आतून घरघर ऐकू आली असती. काठावर मात्र पुराच्या गर्जनेशिवाय काही नाही, आणि काठावर माणूसही नाही, कारण अशा दिवशी इकडे कोण फिरकतं?

म्हणजे हा कारखाना आहे, आणि तो चालू असतो तेव्हा कोणाला दिसत नाही. आपण सगळे सहलीला येतो ते त्याच्या सुट्टीच्या दिवशी. माझ्या मते निघोजला येऊन ‘निसर्गाचं शिल्प’ म्हणणाऱ्यांची चूक इथेच होते. शिल्प पुरं झालेलं असतं, हे काम अजून हातात आहे.

बारा वर्षं पुढे या. १९७२-७३. आकाशाचा रंग बघून घसा कोरडा पडतो. नगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, पण हा वेगळा आहे. माळावर दुष्काळी काम चालू आहे. बायका डोक्यावर पदर घेऊन खडी फोडतात, हातोड्याखाली जो दगड फुटतो आहे तो याच कातळाचा भाऊबंद. जेवायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. नदीचं पात्र पांढरं पडलं आहे. ज्या कुंडांत जावळापासून सगळे नवस फेडले जातात, त्यांच्या काठाशी लोक हंडे घेऊन येतात आणि वाकून बघतात. ज्यांचं कोणी मुंबईत आहे ते आधी जातात, नाही ते त्यांच्यामागून. एसटीच्या टपावर वळकट्या चढतात.

ते जातात कुठे, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचं कोपरखैरणं तेव्हा फक्त गाव आहे, खाडीकाठचं. भातखाचरं आणि मिठागरं. सिडको १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली आहे आणि नवं शहर कागदावर आहे. वाशीचा खाडीपूल १९७३ साली होईल, घाऊक बाजार एकेक करून तुर्भ्याला येतील. त्यांच्यामागून पाठीवर गोणी वाहणारे माथाडी येतील, साताऱ्याचे, पुण्याचे, नगरचेही. त्यांच्यासाठी कोपरखैरण्यात आणि घणसोलीत घरं बांधली जातील. त्या घरांची खडीसुद्धा पुन्हा बेसॉल्टचीच, पारसिकच्या डोंगरातून सुरुंग लावून काढलेली. निघोजला नदीनं युगानुयुगं जेवढा दगड खाल्ला, त्याहून कितीतरी जास्त आपण तिकडे एका पिढीत उडवला. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि रागानंही नाही, तुम्ही-आम्ही राहतो त्याच घरांत.

आता मोठ्या उड्या. वाटेत ३१ डिसेंबर १८१७ ची रात्र लागेल. शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण अंधारात भीमेकडे चालली आहे, सकाळी ती कोरेगावला पोचणार आहे. तिच्या पावलांचा आवाज ऐका आणि पुढे, म्हणजे मागे, चला.

दोन हजार वर्षं मागे आलात की कुंडाचा तळ तुम्हाला किंचित उचलतो. किती, ते मोजू नका. इथे फारसं बघण्यासारखं नाही, म्हणून नदीच्या उगमाकडे जा. कुकडी जुन्नरच्या पश्चिमेला पूर गावाजवळ उगम पावते, आज तिथे कुकडेश्वराचं देऊळ आहे. तिथून सह्याद्रीची धार काही अंतरावर, आणि धारेवर सकाळी खालून पाहिलेला नानाचा अंगठा. तुम्ही त्याच्या डोक्यावर आहात. नाणेघाट. सातवाहनांचा काळ. बैलांच्या पाठीवर गोण्या, घंटांचा नाद, शेणाचा वास, घामानं चिंब झालेले तांडे. जुन्नरकडून आलेला माल इथून कोकणात उतरतो, कल्याणला आणि बंदरांकडे जातो. लेण्यात भिंतभर ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेनं केलेले यज्ञ आणि दिलेलं दान त्यात नोंदलं आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, हजारांच्या घरातले आकडे. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या अंकलेखनातली ही पानं, दगडावरची.

घाटाच्या माथ्यावर अख्ख्या दगडाचा एक भला मोठा रांजण आहे, जकातीचा असं सांगतात. त्यात डोकावा. बाहेरून गोल, आतून गोल, काठ गुळगुळीत. हा माणसानं छिन्नीनं कोरला. याच डोंगरांतून निघणारी नदी खाली निघोजला छिन्नीशिवाय शेकड्यांनी कोरते आहे. रांजण कोरणाऱ्या पाथरवटानं निघोज पाहिलं असेल का? असं मनात येणं साहजिक आहे, त्याचं उत्तर शोधत बसू नका. त्यापेक्षा नदीकडे बघा. अरबी समुद्र इथून हवा स्वच्छ असेल तर नजरेच्या टप्प्यात येईल इतका जवळ, पण कुकडी त्याला पाठ दाखवते. घोड, भीमा, कृष्णा असं करत ती थेट बंगालच्या उपसागराला जाते. म्हणून तिला उतार बेताचा, घाई कमी आणि वाटेत कातळाशी झगडायला वेळ भरपूर.

आणखी हजार वर्षं मागे आणि नदीच्या खालच्या अंगाला. कुकडी घोडेला मिळते. त्या घोडनदीच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात इथे खणलं. तुम्ही आला आहात ते गाव जितंजागतं असताना. कुडाच्या भिंती, शाकारलेली छपरं, अंगणात चूल, उन्हात वाळत घातलेले जव. पुराचं पाणी पाटानं शेताकडे वळवलं आहे आणि पाटाला बांध आहे. मेलेल्या लेकराला दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवतात आणि घरातल्याच जमिनीखाली पुरतात. प्रौढांना पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडतात, ते परत येऊ नयेत म्हणून असावं. एका मोठ्या घराच्या आवारात मात्र वेगळाच प्रकार आहे. कच्च्या मातीचा, चार पायांचा रांजण आणि त्यात बसत्या अवस्थेत एक मध्यमवयीन पुरुष. पाय शाबूत. तो गावचा मुख्य असावा, असं खणणाऱ्यांना वाटलं.

तुम्ही थोडा काळ इथे थांबलात तर दिसेल की पाऊस हटत चालला आहे. पाट कोरडा पडतो. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, जवाची शेतं आक्रसतात, शिकार वाढते, शेळ्यामेंढ्या घेऊन माणसं भटकू लागतात आणि ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडतं. हवामान कोरडं झालं म्हणून हे घडलं, असा पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचा निष्कर्ष होता. पारनेरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. बहात्तर साल त्यानं किंवा त्याच्या बापानं पाहिलेलं असतं.

यापुढे वर्षं मोजायची सवय सोडा. कुकडीच्याच काठी, निघोजच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाशी उभे राहा. दिवस आहे की संध्याकाळ, कळत नाही. वरून काहीतरी पडतं आहे, थंड, बारीक, पांढुरकं. हातावर घेतलंत तर बोटांना काचेसारखं टोचतं. ही राख आहे आणि ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची आहे, समुद्रापलीकडून वाऱ्यानं आणलेली. १९८० च्या दशकात बोरीच्या दरडीत तिचा थर सापडला, त्याच्या साथीला दगडी हातकुऱ्हाडी. राख नेमक्या कोणत्या उद्रेकाची यावर संशोधक अजून भांडतात. कोणी पंचाहत्तर हजार वर्षं म्हणतं, कोणी सात-आठ लाख, सुरुवातीच्या एका मोजणीनं तर आकडा चौदा लाखांवर नेला होता. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की दरडीखाली कोणीतरी उकिडवं बसलं आहे. हातात बेसॉल्टचा गोटा आहे आणि तो दुसऱ्या गोट्यानं त्याचे टवके उडवतो आहे. नदीतला दगड, दगडावर दगड. तुम्ही मुठीतला गोटा त्याच्यापासून लपवून धरा, मागितला तर नाही म्हणता येणार नाही.

इथून मागे कुठेतरी तुमचं कुंड संपतं. तळ वर येत येत काठाला टेकतो. आधी बशीएवढा उथळ खळगा उरतो, मग कातळावरची एक खाच, मग तीही नाही. सपाट खडक आणि त्यावरून वाहणारं पाणी. आणखी मागे गेलात तर ही घळही नाही.

आणि शेवटी साडेसहा कोटी वर्षांपलीकडे तुम्हाला उभं राहायलाच जागा नाही. जिथे निघोज व्हायचं आहे तो भूखंड अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्याच्या खाली रियुनियनचा तप्त बिंदू आहे, आणि जमीन भेगाळून तिच्यातून लाव्हा निघतो आहे. शंकूसारखा डोंगर, त्याच्या तोंडातून कारंजं, असलं काही नाही. तो पसरतो. एक थर येतो, निवतो, त्याच्यावर दुसरा. मधे कधी इतका काळ जातो की माती तयार होते, झाडं येतात आणि पुढच्या थराखाली गाडली जातात. हवेत गंधकाचा खकाणा. दूर कुठेतरी डायनासोरांचे शेवटचे दिवस चालू आहेत. हे थर आज पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि पश्चिमेकडे काही ठिकाणी त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. पारसिक त्यांचाच, नानाचा अंगठा त्यांचाच, गडकोट आणि लेणी सगळं त्यांच्याच अंगावर.

एका थराजवळ वाका. लाव्हा निवताना आतला वायू बुडबुड्यांनी वर येतो आहे आणि वाटेतच अडकतो आहे. त्या पोकळ्यांत पुढे कधीतरी पांढरी स्फटिकं भरतील, मूळ दगडाहून मऊ. निवताना थर आकसतो आणि त्याला चिरा पडतात. कोट्यवधी वर्षांनी कुकडी इथे येईल तेव्हा सगळा कातळ तिला सारखा कठीण लागणार नाही. कुठे मऊ स्फटिक आधी निघून जाईल, कुठे चिरेत पाणी शिरेल. तिथे पाणी पहिल्यांदा अडखळेल. म्हणजे निघोजचा रांजण कुठे होणार आणि कुठे नाही, याची खूण बरीचशी आजच पडते आहे.

आता परत या. उतरताना वेळ लागत नाही, तळ खाली खाली जातो आणि तुम्ही पुन्हा त्या शाम्पूच्या पुडीशेजारी उभे. घड्याळात अकरा वाजले आहेत. कुंडातून बाहेर पडताना काठावर हात जपून ठेवा, तो गुळगुळीत आहे. याच गुळगुळीत काठावरून पाय घसरून खोल कुंडात पडलेला पोहणारा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही, कारण धरायला कंगोरा नसतो. आणि हो, गोटा जागेवर ठेवा. तो तुमच्या फ्लॅटच्या शोकेसमध्ये काही कामाचा नाही.

चरकाशेजारच्या बाकड्यावर बसलात की एक गोष्ट मनात घोळत राहील. १९७० च्या दशकापासून वरच्या अंगाला कुकडी प्रकल्प उभा राहिला: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं. माणिकडोह आणि येडगाव तर थेट कुकडीवर. जो पूर पूर्वी एकगठ्ठा यायचा तो आता आधी धरणात थांबतो. त्याचं पाणी कालव्यानं जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं आणि कोणाला किती, यावर दर उन्हाळ्यात बैठका, मोर्चे, पुढाऱ्यांची भांडणं. धरणं तुडुंब भरून विसर्ग सुटला तर इथे पाणी गरजतं, एरवी गोटे निवांत. म्हणजे युगानुयुगं दर पावसाळ्यात चालणारा कारखाना आता दरवाजे उघडण्याच्या हुकमावर चालतो. हळहळ वाटू शकते. पण ती वाटते तुम्हाला, जे सुट्टीच्या दिवशी बघायला आलात. ज्यानं बहात्तर साली हंडा घेऊन या कातळात वाकून पाहिलं होतं, त्याच्याकडे ती मागू नका.

रस देणारे बाबा साठीच्या पुढचे आहेत. तुम्ही विचारता, बाबा, पाणी जोरात असतं तेव्हा बघायला कधी यावं?

“धरणाचं सोडल्यावं या की,” ते चरकात ऊस सारत म्हणतात. “पर पुलावरून बघायचं, खाली उतरायचं न्हाय. मागं लई जण गेलेत आसं. तुमी कुठलं?”

तुम्ही नवी मुंबई म्हणता.

“मंग तुर्भ्याजवळच की ओ. पोरानं रातीच कांदा धाडलाय तिथं. गोळा, एक नंबर माल. भाव काय फुटला आज, मोबाईलवं बघता का जरा?”